पीडीएफ बंद कर, तोंड उघड: फर्स्ट एमबीबीएसच्या आधीचे सहा आठवडे

प्रश्न विचारणारी मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी आणि नीट लातूरला राहून. नव्यानेच सुरू झालेल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागला आहे. वर्ग सुरू व्हायला पाच-सहा आठवडे आहेत, म्हणून तिने टेलिग्रामवरून ॲनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, पुस्तकाची पीडीएफ मिळवली. पंधरा दिवसांत चाळीस पानं वाचून झाली आणि त्यातलं काहीच आठवत नाही. एक सिनिअर म्हणतो ऑनलाइन कोर्स लाव. त्याची फी म्हणजे तिच्या वडिलांच्या किराणा दुकानाची दोन महिन्यांची कमाई. इंग्रजीत बोलायची भीती, मृतदेहाची भीती, आणि शेवटी एक ओळ: ‘मॅडम, मी आत्तापासून नेमकं काय वाचू?’

मी ३१ वर्षं सरकारी कॉलेजांत ॲनाटॉमी शिकवली, चार गावांचं पाणी प्यायले, आता घरी आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ती पीडीएफ बंद कर. आठवत नाही यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. ॲनाटॉमी ही आधी हाताने शिकायची गोष्ट आहे, मग डोळ्याने आणि सगळ्यात शेवटी पुस्तकाने. तू ती उलट्या टोकाकडून धरली आहेस. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून निघून हाताला जाणारं मज्जातंतूंचं जाळं, पानावर तीन दिवस वाचलंस तरी ते बसस्टँडवरच्या वेळापत्रकासारखं वाटेल. तेच डिसेक्शनच्या टेबलावर, मृतदेहाच्या काखेत, चिमट्याने एकेक दोर उचलून पाहिलंस की अर्ध्या तासात बसतं. आणि एकदा पाहिल्यावर पुस्तकातली तीच चाळीस पानं तू दोन संध्याकाळींत संपवशील. म्हणजे आत्ताचे पंधरा दिवस गेले तर गेले, पुढचे पंधरा घालवू नकोस.

मग रिकामं बसायचं का? नाही. एक काम आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

दर वर्षी पहिल्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी हेच पाहिलं. समोर उभं राहिलेलं पोर हुशार असतं. नीटला चांगले मार्क असल्याशिवाय ते तिथे पोचलेलंच नसतं. मी त्याच्या हातात ह्यूमरस देते, दंडाचं हाड. विचारते, ‘काय आहे हे?’ ‘ह्यूमरस, मॅम.’ ‘कुठल्या बाजूचं?’ शांतता. ‘बरं, याच्याबद्दल तुला जे माहीत आहे ते सांग.’ अजून शांतता. मीच चार पर्याय दिले असते तर त्याने तीन सेकंदांत बरोबर सांगितलं असतं. माहिती आत असते, ती बाहेर यायला वाट नसते. दोन-तीन वर्षं या मुलांनी फक्त बरोबर उत्तर ओळखण्याचा सराव केलेला असतो. उत्तर स्वतःहून उभं करण्याचा, वाक्यात मांडण्याचा आणि कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बोलण्याचा सराव दहावीनंतर जवळजवळ थांबलेला असतो. आणि फर्स्ट इयरला नेमकं तेच मागतात. तीन विषय, प्रत्येकी शंभर मार्कांचे दोन पेपर, त्यात बहुपर्यायी प्रश्न थोडे आणि बाकी सगळं लिहायचं, आकृत्या काढायच्या. शिवाय प्रत्येक विषयाची प्रॅक्टिकल आणि व्हायवा शंभर मार्कांची. ही परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, पण तुझ्यासमोर बसणारा परीक्षक माणूस असतो आणि तो तुझं बोलणं ऐकायला आलेला असतो.

तेव्हा या सहा आठवड्यांत नीटची ती सवय मोडायची. अभ्यास नवा नकोच. अकरावी-बारावीचंच जीवशास्त्राचं पुस्तक घे, त्यातले शरीराचे धडे काढ: रक्ताभिसरण, श्वसन, उत्सर्जन, मज्जासंस्था, संप्रेरकं. रोज एक छोटा तुकडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि मोठ्याने बोलायचं. पहिल्यांदा मराठीत, आईला समोर बसवून. आई भाजी निवडत असेल तर उत्तम, कारण तिला कंटाळा आला की ती तोंडावर सांगेल.

उदाहरण देते. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. आईला हे सांग आणि तिने ‘मग बाकीचं कुठं जातं?’ असं विचारलं की उत्तर दे. उत्तर देताना तुला कळेल की नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या सूक्ष्म नळीची, आकृती पाठ होती, पण पाणी परत रक्तात का येतं हे कधी स्वतःच्या शब्दांत मांडलंच नव्हतं. तिथे अडशील. अडलीस की पुस्तक उघड, बघ, मिट, पुन्हा सांग. मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर न बघता नेफ्रॉन काढ, नावं दे. हे झालं की तोच भाग इंग्रजीत, भिंतीला सांग. भिंत हसत नाही. एवढ्याला रोज पाऊण तास पुरे, उरलेला दिवस तुझा. सिनेमा बघ, आजीकडे जा, झोप काढ. पुढच्या वर्षी ती झोप तुला आठवणार आहे.

आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या वह्या रद्दीत घालू नकोस. निकाल लागला की मुलं पहिली ती वही फेकतात आणि मग फिजिओलॉजीच्या, म्हणजे शरीर कसं चालतं त्याच्या, वर्गात डोळे विस्फारून बसतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या भागावर येतो, याचा पाया तू द्रवांच्या धड्यात केला आहेस. रक्तवाहिनी जराशी आकसली तर रक्तदाबाचं एवढं का बिनसतं, ते त्यातच आहे. पृष्ठताण परत येईल फुप्फुसांत, भिंग परत येईल डोळ्यात. पीएच आणि बफर तर बायोकेमिस्ट्रीत पहिल्या महिन्यातच दारात उभे असतील. हे दोन-तीन धडे चाळून ठेव. बाकी केमिस्ट्रीला खुशाल रजा दे.

आता इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या शेकडो मुलांना मी शिकवलं आहे, आणि मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतली आहे, म्हणून हे अनुभवाने सांगते: तुझी अडचण व्याकरणाची नाही. फर्स्ट इयरची निम्मी भाषा इंग्रजी नसतेच, ती लॅटिन आणि ग्रीक असते, आणि ती कॉन्व्हेंटवाल्यांनाही तितकीच परकी असते. तिथे सगळे एकाच रेषेवर उभे राहतात. उलट तुझ्याकडे एक चावी जास्त आहे. ही नावं ज्यांनी ठेवली ती साधी, डोळे उघडे ठेवून पाहणारी माणसं होती. त्यांना जे दिसलं तेच आपल्या आज्यांनाही दिसलं होतं. पायाच्या मागच्या त्या फुगीर स्नायूला आपण पोटरी म्हणतो, पोटासारखी दिसते म्हणून. ग्रीकांनी त्याला गॅस्ट्रॉक्निमियस म्हटलं: गॅस्टर म्हणजे पोट, क्निमे म्हणजे पाय. पायाचं पोट! आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळीच. माकडहाडात मात्र आपल्याला माकडाची शेपूट दिसली आणि ग्रीकांना कोकिळेची चोच, म्हणून ते कॉक्सिक्स. मांडीवरून तिरका जाणारा सार्टोरियस म्हणजे शिंप्याचा स्नायू, कारण शिंपी मांडी घालून शिवायला बसतो तेव्हा तो कामाला येतो. मनगटातली हाडं बघ: एक होडी, एक चंद्रकोर, एक वाटाणा, एक हुक. स्कॅफॉइड, ल्युनेट, पिसिफॉर्म, हॅमेट. मला हे सगळं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. शिकवायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एका जुन्या शब्दकोशात सापडलं आणि मला स्वतःचाच राग आला होता.

एक दोनशे पानी वही कर. डावीकडे शब्द, मध्ये त्याचा मूळ अर्थ, उजवीकडे आपला घरगुती शब्द असेल तर तो. आत्ता शंभर शब्द झाले तरी पुष्कळ.

बोलायच्या इंग्रजीला आठ-दहा ठरलेले साचे लागतात. हे उजव्या बाजूचं ह्यूमरस आहे; याला वरचं टोक, खालचं टोक आणि मधला दांडा आहे; इथून अमुक स्नायू निघतो, तमुक मज्जातंतू याला चिकटून जातो; तो दुखावला तर असं असं होतं. हीच चार वाक्यं इंग्रजीत घोटून ठेवलीस तर वर्षभर हाडं बदलतील, वाक्यं तीच राहतील. व्हायवाला अडलीस आणि मराठीत बोललीस तर आमच्यातले बहुतेक ऐकून घेतात. पण एक्स्टर्नल परीक्षक दुसऱ्या राज्यातलाही असू शकतो. एकदा बाहेरच्या राज्यातल्या एका परीक्षकांपुढे आमच्या मुलाने अख्खा उत्तम व्हायवा मराठीत दिला आणि मी मध्ये बसून भाषांतर केलं. पास झाला. प्रत्येक वेळी अशी सोय होईलच असं मात्र नाही.

पुढे एक दिवस तुझी ही मराठीच तुझ्या बॅचला लागणार आहे. आता पहिल्याच वर्षी मुलांना थोडंफार रुग्णांसमोर नेतात, आणि गावातली काही कुटुंबं दत्तक देऊन त्यांच्याकडे पाठवतात. तिथे म्हातारी सांगते, ‘कळ येते’, ‘ठणका लागलाय’, ‘चमक भरते’, ‘हुळहुळतं’, ‘पायाला मुंग्या येतात’, ‘पोटात मुरडा पडतो’. हे सहा वेगवेगळे आजार असू शकतात. मोठ्या शहरातून आलेलं पोर सहाही ठिकाणी एकच शब्द लिहितं: पेन.

मृतदेहाची भीती. ही सगळ्यांना असते, जे फुशारकी मारतात त्यांना जरा जास्त. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी मुलांकडून शपथ घेतात, की या देहाचा मान राखू. डिसेक्शन हॉल थंड असतो, फॉर्मेलिनचा, म्हणजे देह टिकवायच्या रसायनाचा, वास नाकात आणि डोळ्यांत जातो, एकदोघांना गरगरतं. त्यावर माझा इलाज अगदी घरगुती आहे: उपाशीपोटी यायचं नाही. पोहे, उपमा, काहीतरी खाऊन यायचं. गरगरलं तर हिरो व्हायचं नाही, सरळ खाली बसायचं. बाईंना सांगितलंस तर बाई हसणार नाहीत, त्या स्वतःही कधीतरी बसलेल्या असतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हॉलमध्ये चष्मा वापर. केस बांधलेले, नखं कापलेली, पायात बंद बूट. आणि मोबाइल बाहेर. मृतदेहाचा फोटो काढणं हा गमतीचा विषय नाही, त्यावर कारवाई होते आणि व्हायलाच हवी.

तो देह आला कुठून, हे तू आधीच समजून घेतलंस तर भीती थोडी वेगळ्या जागी जाईल. आपल्याकडे १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे. काही देह बेवारस असतात, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही. काही देहदानातून येतात: निवृत्त शिक्षक, एसटीतले, घरातल्या आज्या, ज्यांनी जिवंतपणी फॉर्म भरून ठेवलेला असतो. अंत्यविधी बाजूला ठेवून नातेवाईक देह आमच्या विभागाच्या दारात आणतात, तेव्हा पावती द्यायची असते. ती लिहिताना माझा हात दर वेळी जरा अडखळला. एवढं सांगून पुढे जाते, कारण खरं हेही आहे की तिसऱ्या महिन्यात तू हात धुऊन थेट कॅन्टीनला वडापाव खायला जाशील. तेही ठीक आहे.

हॉलमधली खरी अडचण भीती नसून गर्दी आहे. एका टेबलाभोवती वीस-पंचवीस पोरं उभी राहिली की मागच्यांना फक्त ॲप्रनच्या पाठी दिसतात. जो चिमटा धरतो तो शिकतो. उंचीने लहान असशील तर पुढे घुस, लाजू नकोस. मुली मागे सरकतात आणि मुलं पुढे होतात, हे मी ३१ वर्षं पाहिलं आणि ३१ वर्षं ओरडले.

नव्या कॉलेजाबद्दल तुझ्या मनात खंत दिसते. २०२४ मध्ये जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली धरून एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यातली बहुतेक १०० जागांची. त्याच्या आधी तीन-चार वर्षांतही काही जिल्ह्यांत झाली. तुझं कॉलेज अशांपैकीच आहे. १८४५ च्या ग्रँट मेडिकलसारखी दगडी इमारत आणि काचेच्या बरण्यांचं म्युझियम तिथे मिळणार नाही. शिक्षक कमी असतील, काही वस्तू अजून टेंडरमध्ये अडकलेल्या असतील. पण बॅच १०० ची आहे, २५० ची नाही. शिक्षकाला तुझं नाव महिनाभरात पाठ होईल, आणि जिल्हा रुग्णालयात रुग्णांना तोटा नसतो. एक गोष्ट मात्र खरोखर कमी पडते: सिनिअर. त्यांच्या जुन्या वह्या, वापरलेली पुस्तकं, हाडांचे सेट आणि ‘हे सर काय विचारतात’ हे तोंडी ज्ञान. म्हणून जवळच्या जुन्या कॉलेजात कुणी ओळखीचं असेल तर आत्ताच दुवा जुळवून ठेव. लातूरला, अंबाजोगाईला, नांदेडला, संभाजीनगरला तुझ्या कोचिंगचं कुणी ना कुणी असेलच.

खरेदी. पुस्तकं आत्ता एकही घेऊ नकोस. वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यात प्रत्येक विभाग आपापली यादी सांगतो. प्रत्येक विषयाला भारतीय लेखकाचं एक सोपं पुस्तक, ॲनाटॉमीला जोडीला एक चांगला ॲटलास, बस्स. मोठे परदेशी ग्रंथ लायब्ररीत असतात, तिथे बसून वाच. उशाशी ठेवून ते डोक्यात जात नाहीत. हाडांचा सेट दोघी-तिघींत मिळून घ्या, सिनिअरकडून मिळाला तर बरं. प्लास्टिकच्या हाडांवर खाचा-खळगे पुसट असतात, ते फक्त रात्री खोलीत उजळणीला. दोन पूर्ण बाह्यांचे ॲप्रन, एक डिसेक्शन बॉक्स, हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, आकृत्यांसाठी गुलाबी आणि जांभळी पेन्सिल. ही शेवटची वस्तू हसण्यासारखी वाटेल, पण पहिल्या सबमिशनच्या आदल्या रात्री गावातल्या सगळ्या स्टेशनरीच्या दुकानांतून ती संपलेली असते. स्टेथोस्कोप लागतो रक्तदाब मोजायला, तो साधा घे. महागडा गळ्यात घालून फोटो काढण्यासाठी पुढे पुष्कळ वर्षं आहेत.

तो ऑनलाइन कोर्स घेऊ नकोस. वडिलांना सांग की मॅडम नको म्हणाल्या. कॉलेजात शिकवतात ते पुरत नाही असं पहिली टर्म संपल्यावर तुला स्वतःला वाटलं, तर तेव्हा बघू. आधी कॉलेजात जाऊन तर बघ.

आता दोन गोष्टी, ज्या कुठल्याच यादीत नसतात आणि मी प्रत्येक बॅचला सांगत आले. पहिली, हेपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. लहानपणी झाली असेल तर कार्ड शोध आणि डॉक्टरांना दाखव; झाली नसेल किंवा कार्ड नसेल तर आत्ता विचारून सुरू कर, म्हणजे पहिले दोन डोस घरून होतील. तुझा आता सुयांशी आणि रक्ताशी संबंध येणार आहे. दुसरी, हिमोग्लोबिन तपासून घे. फिजिओलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकल्समध्ये मुलं स्वतःचं बोट टोचून स्वतःचंच रक्त तपासतात, आणि दर वर्षी चार-पाच मुलींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ निघतं. बाईमाणसाचं बारा तरी हवं. मग त्यांना आठवतं की नीटच्या दोन वर्षांत जिना चढताना धाप लागत होती आणि त्यांना वाटायचं, अभ्यासाचा थकवा आहे. मेसचं जेवण सुरू व्हायच्या आधी हे सुधारून घे.

कागदपत्रांचं तुझ्या घरच्यांनी बघितलंच असेल, तरी सांगते: मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि लवकर परत मिळत नाहीत. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, मार्कशीट, सगळ्यांच्या दहा-दहा झेरॉक्स काढून ठेव, आणि स्कॅन करून स्वतःला ईमेल कर. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना याच कागदांसाठी मुलं रडकुंडीला येतात.

वर्ष कसं जातं, थोडक्यात. सुरुवातीला दोन आठवडे फाउंडेशन कोर्स असतो. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो महिनाभराचा होता. मुलं त्याला टाइमपास म्हणतात. पण बेशुद्ध माणसाच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब कसा द्यायचा, हे बहुधा त्यातच शिकवतात, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच वर्षी दिवाळीला एसटीत ते वापरलं. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासूनचं. तिथे तर नवी मुलं पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. मला ते नेहमी हेवा वाटण्यासारखं वाटलं आहे.

मग गाडी सुरू होते आणि थांबत नाही. ॲनाटॉमी तुझा सगळा वेळ खाईल, कारण ती रोज टेबलावर दिसते आणि बाईंची भीती असते. फिजिओलॉजी आवडायला लागेल. बायोकेमिस्ट्रीला मुलं ‘प्रिलिमला बघू’ म्हणतात, आणि माझा विषय नसूनही सांगते, सर्वांत जास्त मुलं तिथेच घसरताना मी पाहिली. वाचण्यातून पास होण्याइतकं होतं, पण एका आठवड्यात होत नाही. रोज अर्धा तास दे, एवढंच. माझ्या विषयात मुलं अडतात ती एम्ब्रिऑलॉजीत, कारण गर्भ टेबलावर दिसत नाही. तिथे मातीचा गोळा किंवा कणीक घे आणि करून बघ. आतडं गर्भात २७० अंश फिरतं, हे मी एकदा वर्गात सायकलच्या ट्यूबने दाखवलं होतं. त्या बॅचची पोरं अजून भेटली की ट्यूबचीच आठवण काढतात.

हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, आणि हा नियम कागदावर राहत नाही. दुपारी जे शिकवलं ते त्याच रात्री वाच, दोन तास. रविवार अर्धा मोकळा ठेव. रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्यांच्या गोष्टी हॉस्टेलवर ऐकशील. त्यातले निम्मे दुपारी लेक्चरला झोपलेले मी व्यासपीठावरून पाहिलेले आहेत.

पहिल्या पार्ट कम्प्लिशनला, म्हणजे एक भाग शिकवून झाला की होणाऱ्या परीक्षेला, नापास होशील. कदाचित नाही होणार, पण धरून चाल. मी झाले होते: पन्नासपैकी सतरा. बारावीला जिल्ह्यात नाव होतं आणि इथे सतरा. मी वडिलांना पत्र लिहिलं की मला परत न्या. ते येईपर्यंत आठ दिवस गेले आणि तोवर दुसरी परीक्षा झाली होती, तीत सव्वीस पडले. ते आले, मला भजी खायला घातली आणि परत गेले. विद्यापीठाची परीक्षा पास व्हायला चार संधी असतात, म्हणजे पाया खचायच्या आधी पुष्कळ वाट आहे. पण झोप पंधरा दिवस लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ती अभ्यासाची गोष्ट राहत नाही. मेंटर टीचरशी बोल. कॉलेजात बोलायची लाज वाटली तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

रॅगिंगबद्दल: महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. ‘ओळख करून घेतोय’ हे ज्या क्षणी तुला नकोसं वाटेल त्या क्षणी ते रॅगिंग. वॉर्डनला आणि घरी त्याच दिवशी सांग. सहन करून मैत्री होत नाही.

जे प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत येतात त्यांच्यासाठी एक ओळ, तुझी अशी कुणी मैत्रीण असेल तर तिला सांग: महिना बुडाला म्हणून मागचं भरून काढत बसायचं नाही. आज टेबलावर जे चाललंय तिथून उडी मारायची, राहिलेलं दिवाळीत बघायचं.

आता हे वाचून झालं की एक कर. उजव्या हाताने डावा कोपर चाचप. आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याच्या मागे एक खाच आहे, तिच्यात बोट फिरवलंस की दोरीसारखं काहीतरी निसटेल. ओट्यावर कोपर आपटला की झिणझिण्या येतात ते हेच. हळूच दाब आणि झिणझिण्या नेमक्या कुठल्या बोटांत उतरतात ते बघ. करंगळीत येतील. करंगळीशेजारच्या बोटाच्या दोन बाजू वेगवेगळ्या तपास, आणि जे जाणवलं ते वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेव. पहिल्या महिन्यात हा प्रश्न तुला विचारतील.